दोन बोटं आत सरकलेली तुळजाबाई

रेश्मा भित्री आहे, हे रिहे गावात कुणी कुणाला नव्यानं सांगायला नको. कुत्रं भुंकलं की ती भ्यायची, आणि भुंकायचं थांबलं की जास्त भ्यायची, आता का थांबलं म्हणून. दारात पोस्टमन आला की आधी घाम, मग सही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं विचारलं होतं, "अगं, तुला भ्या वाटत न्हाई असं काय हाय का जगात?" पोरीनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "भात." शिजवलेला का शेतातला, ते विचारायचं राहूनच गेलं.

पण भित्र्या माणसाचं एक असतं. त्याच्या हातून दाराची कडी राहत नाही, गॅस चालू राहत नाही. टायपिंगच्या परीक्षेला बसली तेव्हा रेश्माची बोटं अशी थरथरत होती की शेजारच्या पोरीनं आपलं मशीन लांब ओढून घेतलं. कागद बघितला तर चूक एक नाही. ज्यांची बोटं थरथरत नव्हती त्या सगळ्या नापास.

पुढं तिनं पिरंगुटात पिठाच्या गिरणीशेजारी आठ बाय दहाचा गाळा घेतला. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला प्लास्टिकची खुर्ची. अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. आणि वंशावळी. आपल्याकडं जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून घरटी वंशावळ लागायला लागली. जो तो पणजोबाचं नाव विचारत फिरतो. पणजोबा जिवंत असता तर म्हणाला असता, इतकी वर्षं कुटं होता रं?

वंशावळीचा कागद कसा असतो, ते सांगते. वर मूळ पुरुष. त्याच्या खाली, दोन बोटं आत सरकवून, त्याची मुलं. एकेका मुलाखाली आणखी दोन बोटं आत त्याची मुलं. जितकं आत तितकी धाकटी पिढी. सख्खी भावंडं एका सरळ रेषेत, ओळंब्यात धरल्यासारखी. कोण कुणाच्या पोटचं, हे त्या मोकळ्या जागेवरूनच कळतं.

रेश्मा एकेक ओळ तीनदा वाचायची. पट्टी लावून बघायची. म्हणून घोटावडे फाट्यापासून पौडाच्या तालुका कचेरीपर्यंत लोक म्हणायचे, "रेश्माचा कागद पौडावरनं माघारी येत न्हाई." हे ऐकलं की तिला आनंद होण्याऐवजी धडकीच भरायची. आज आला नाही, उद्या आला तर?

गेल्या पावसाळ्यात तिचा जुना लॅपटॉप गेला. तिची एक मावशी मारुंजीला असते. मावशीनं शेतात चार मजले चढवून खोल्या भाड्यानं दिल्यात. तिथं उत्कर्षा म्हणून परभणीकडची एक मुलगी राहते, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना रेश्माला दिला. चांगला होता, पण लिहायचा नेहमीचा प्रोग्राम त्यात नव्हता. होता तो उत्कर्षाच्या कामाचा एडिटर. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, बस. रेश्माला तो आवडला. पाटीवर तर आपण शिकलो, म्हणाली.

एकाच गोष्टीचं भ्या होतं. वरच्या यादीत एका नावापुढं बरोबरची खूण होती आणि ते नाव होतं 'ऑटो इंडेंट'. तिनं नवऱ्याला विचारलं. राजू पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, त्याला हे शब्द पाठ.

"इंडेंट म्हंजे मालाची मागणी," तो म्हणाला. "आम्हाला स्टोअरमधनं माल पायजे असला की इंडेंट भरतो. ऑटो इंडेंट म्हंजे आपोआप मागणी. हात लावू नको त्याला."

"पर चालूच हाय ते."

"चालू हाय तर चालू ऱ्हाऊ दे. आमच्या हितं एकदा एकानं चुकून भलतं बटण दाबलं, तर दोन टेंपो भरून हातमोजे आले. समदे डाव्या हाताचे."

झालं. तेव्हापासून रेश्मा त्या यादीकडं बघायचीसुद्धा नाही. आपल्या नावावर कुठून तरी कागदाची रिमं येतील, शाईचे डबे येतील, आणि आठ बाय दहाच्या गाळ्यात ते ठेवायचे कुठं?

तर मग एका आठवड्यात हैबतरावांचं काम आलं. हैबतराव म्हणजे गावातलं मोठं खटलं. त्यांचे वडील म्हाळूबाबा गेल्या साली पंच्याण्णवाव्या वर्षी गेले आणि जमिनीला वारसांची नावं लावायची होती. म्हाळूबाबांची चार लेकरं. थोरले हैबतराव, मग भिवाजी, मग तुळजाबाई, धाकटा भैरू. भिवाजी चार वर्षांमागं वारला, मागं बायको धोंडाबाई आणि दोन मुलगे. तुळजाबाई शेजारच्या गावात दिलेली, तीही सत्तरीला टेकलेली.

हैबतरावांची धाकटी सून स्वरदा शिकलेली. तिनं सगळी वंशावळ, सत्तेचाळीस नावं, मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. "ताई, तुम्हाला परत टाइप करायचा ताप नको. नुसतं कॉपी करा आणि पेस्ट करा."

रेश्मानं तोवर कधी कुणाचं लिहिलेलं उचलून चिकटवलं नव्हतं. सगळं आपल्या बोटांनी. पण एवढ्या मोठ्या घरची सून सांगते म्हणून तिनं केलं. आणि डोळ्यांदेखत माणसं घसरायला लागली.

म्हाळूबाबा जागेवर राहिले. हैबतराव दोन बोटं आत, बरोबर. पण भिवाजी त्यांच्या रेषेत यायचा तो पार आत. त्याची मुलं त्याहून आत. तुळजाबाई त्याच्याही पुढं. प्रत्येक ओळ मागचीच्या खांद्यावर पाय देऊन उजवीकडं पळालेली, जिना उतरावा तशी. धाकटा भैरू थोरल्या भावाचा खापरपणतू वाटावा इतका पुढं गेला, आणि त्याची नातवंडं तर पाटीच्या बाहेर पडली ती दिसेचनात.

रेश्मानं देवाचं नाव घेतलं आणि एकेका ओळीच्या तोंडाशी जाऊन मोकळी जागा खोडत बसली. सत्तेचाळीस ओळी. मध्येच आधारकार्डाच्या झेरॉक्सला एक बाई आली, मग गिरणीवाल्यानं सुट्टे मागितले. तरी तिनं संपवलं, नावं तीनदा वाचली, छापलं. हैबतरावांनीही चष्मा लावून नावं मोजली, सही केली, म्हणाले, "झ्याक." पट्टी तेवढी त्या दिवशी लावायची राहिली.

दोन दिवसांनी, पौडाला महसुलाच्या सर्कलसाहेबांसमोर सुनावणी. दुपारी तीन वाजता. हैबतराव कागद घेऊन सकाळीच मुलाच्या गाडीवर पुढं गेले. साडेबाराला रेश्माच्या गाळ्यात तुळजाबाई आली. डोईवर पदर, हातात पिशवी.

"पौडाची गाडी कितीला हाय गं बाय?"

"एकाला हाय, आत्या. बसा. पाणी देते."

पाणी पिऊन तुळजाबाई म्हणाली, "तुज्याकडं कागद ऱ्हायलाय का एखांदा? माजं नाव कसं दिसतंय ते बगू दे की. जलमात कुटल्या कागदावर बगितलं न्हाई."

रेश्माजवळ झेरॉक्स होती. तिनं काढून टेबलावर ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. तुळजाबाई. तुम्ही."

तुळजाबाई वाकून बघत राहिली. अक्षरं तिला येत नव्हती. ती कागद नुसता बघत होती, कणगीतलं भात बघावं तसा.

"आन दादा कुटं?"

"हे हैबतरावतात्या."

"भिवा?"

"हे."

"भैरू?"

"हा इथं खाली."

तुळजाबाईनं आपलं जाड बोट हैबतरावावरनं सरळ खाली आणलं. भिवाजीला लागलं, भैरूला लागलं. मध्ये मोकळंच गेलं.

"ही तिगं एका रांगंत हायेत. मंग मीच आत का गं?"

रेश्मानं वाकून बघितलं. तुळजाबाईची ओळ भिवाजीच्या दोन मुलग्यांच्या खाली, त्यांच्याच रेषेत उभी होती. भिवाजीची बहीण नव्हे, भिवाजीची लेक. चौथा हिस्सा गेला. आता त्या एका भावाच्या हिश्शात धोंडाबाई आणि तिच्या मुलांबरोबर वाटा मागायचा. तिनं हा कागद तीन वेळा वाचला होता आणि तिन्ही वेळा तिला नुसतं नाव दिसलं होतं.

जीभ आपोआप बोलली. भ्यालेली जीभ डोक्याला विचारत नाही.

"असंच असतंय, आत्या. कागदाची पद्धत."

"असं व्हय?" तुळजाबाईनं कागद हळूच परत सरकवला. "तू म्हन्तीस तर असंल. तुजा कागद माघारी येत न्हाई म्हनत्यात." आणि पिशवी घेऊन ती स्टॉपवर जाऊन बसली.

रेश्मा तशीच उभी. आधी वाटलं पोलीस येतील. खोट्या प्रतिज्ञापत्राला काय शिक्षा असते, तो मजकूर तिनं शेकडो वेळा टाइप केला होता, तोंडपाठ होता. मग वाटलं दुकान जाईल. मग वाटलं, लोक म्हणतील, हैबतरावांकडनं खाल्लं आणि म्हातारीला आत सरकवली. हे म्हणायला आपल्याकडं पुरावा लागत नाही, वडाचा पार पुरतो. आणि सगळ्याच्या खाली एक भ्या होतं, त्याला नाव नव्हतं. म्हातारीनं एका शब्दानं वाद घातला नव्हता. विश्वास ठेवून गेली होती.

तिनं हैबतरावांना फोन लावला. बंद. साहेबापुढं जायचं म्हणून म्हाताऱ्यानं अदबीनं फोनच बंद करून ठेवलेला. राजूला लावला.

"गप बस," राजू म्हणाला. "सर्कलसाहेब बघतील की. त्यांचं कामच हाय ते. तू कशाला गावभर चूक मिरवतीस? दुकानाला कुलूप लागंल."

"आन त्यांनी न्हाई बघितलं तर?"

"तर कुणालाच कळायचं न्हाई."

हे ऐकून तिला धीर यायला हवा होता. उलट तिनं फोनच ठेवून दिला. कुणालाच कळायचं नाही, हेच तर भ्या.

तिनं लॅपटॉप उघडला. ती एक ओळ सरकवली की झालं, असं वाटलं. पण हात थांबला. एक चुकली तशी आणखी किती चुकल्या असतील? सत्तेचाळीस ओळी तिनं हातानं खोडल्या होत्या. आता आपल्या हातावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. स्वरदाचं लिहिलेलं जसंच्या तसं आणायला पाहिजे. तिनं नवी पाटी उघडली, परत चिकटवलं, आणि परत सगळी माणसं जिना उतरून निघून गेली.

पाऊण वाजला होता. तिनं उत्कर्षाला फोन लावला. उत्कर्षा कुजबुजत बोलली.

"रेश्माताई, मी मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"मॅडम, माणसं घसरत्यात."

"अगं बाई! कुठं? कोण माणसं?"

"वंशावळीतली."

मग उत्कर्षा म्हणाली, "फोटो पाठवा." फोटो गेला आणि तिकडनं सुस्कारा आला. "हे व्हय. हे आम्हालाबी रोज व्हायलंय. ऐका. तुमच्या मजकुरात मोकळी जागा आधीच हाय. एडिटरला वाटतंय तुम्ही हातानं टाइप करायलात. म्हणून नवी ओळ आली की मागच्या ओळीइतकी जागा तो आपल्या पदरची घालतो. वर तुमची. पुढच्या ओळीला त्या दोन्हीची बेरीज, वर आणखी तुमची."

"म्हंजे आगाऊपणा करतोय."

"आगाऊपणाच. त्याला आधी गप्प बसवा, मग पेस्ट करा. वरच्या यादीत ऑटो इंडेंट आहे बघा. ती खूण काढा."

रेश्मानं हात मागं घेतला. "मॅडम, त्याला हात लावायचा न्हाई."

"का?"

"माल येईल."

"कुठला माल?"

रेश्मानं हातमोज्यांचं सांगितलं. तिकडं उत्कर्षानं फोनवर हात धरला असावा, कारण हसण्याचा आवाज उशीतून यावा तसा आला. "ताई, कारखान्यातलं इंडेंट वेगळं. इथं इंडेंट म्हणजे ओळ आत सरकवणं. एवढंच. माल-बिल काही येत नसतो."

"नक्की?"

"माझ्या नोकरीची शपथ."

"नोकरीची नको मॅडम, आजकाल नोकरीचा काय भरवसा. आईची घ्या."

"आईची शपथ. ठेवू आता? साहेब बघायलेत माझ्याकडं."

फोन बंद झाला. रेश्मानं खूण काढली. काढली आणि डोळे मिटून बसली. तेवढ्यात बाहेर एक टेंपो टूं टूं करत मागं मागं येऊन दाराशीच थांबला. आला माल, म्हणत तिनं एक डोळा उघडला. फळका पडला, आणि आतून गिरणीची गव्हाची पोती उतरायला लागली.

मग तिनं चिकटवलं. माणसं जागच्या जागी उभी राहिली. हैबतराव, भिवाजी, तुळजाबाई, भैरू, चौघं एका रेषेत, मधी त्यांची त्यांची लेकरंबाळं. तिनं पट्टी पडद्याला लावली. मग आधीच्या कागदाशी एकेक ओळ ताडून बघितली आणि बरं झालं बघितली. भैरूची नात जुईली, सहा वर्षांची पोर, जुन्या कागदात एक पायरी बाहेर येऊन आपल्याच बापाची बहीण होऊन बसली होती. एकटी तुळजाबाई सरकवून भागलं नसतं.

दोन प्रती छापल्या, शटर ओढलं आणि ती स्टॉपकडं पळाली. एकची गाडी लागलीच होती. तुळजाबाईशेजारी जाऊन बसली तेव्हा धाप लागली होती.

"तू कुटं निगालीस?"

"पौडाला. तुमच्याबरोबर." आणि मग, जीभ परत पळून जायच्या आत, ती बोलून गेली. "आत्या, मघाशी खोटं बोलले. पद्धत न्हाई तसली. माझी चूक झाली. कागदात तुम्ही भिवाजीरावाच्या लेक झालाय."

तुळजाबाईनं आधी कंडक्टरकडनं आपलं तिकीट घेतलं. मग म्हणाली, "मंग खोटं का बोललीस?"

"भ्याले."

"कुनाला?"

"तुम्हाला."

"मला?" म्हातारी खरंच चकित झाली. "माज्या सुना सुदिक मला भीत न्हाईत."

रेश्मानं नवा कागद काढून दाखवला. म्हातारीनं हात लावला नाही.

"ऱ्हाऊ दे बाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दादानं न मागता माजं नाव घातलं, ह्येच लई. दुसरीकडं भनींकडनं हक्क सोडून दिल्याच्या सह्या घेत्यात. आता म्या दुसरा कागद घिऊन ग्येले तर त्याला वाटंल, हिनंच बदलून आनला. माह्यार तुटंल माजं. दोन बोटं आत तर आत."

म्हणजे म्हातारीही भ्यालेली होती. आणि रेश्माला सुटायची वाटही देत होती. पुढच्या स्टॉपला उतरावं, माघारी जावं, कुणाचं काही बिघडत नाही. रेश्मानं खरंच दाराकडं बघितलं. मग कागदाकडं बघितलं.

"आत्या, जमिनीचं ऱ्हाऊ द्या बाजूला. आज तुम्हाला समदी वळखत्यात. पन्नास वर्षांनी ह्यो कागद काढला तर कोण सांगणार? तुम्ही भिवाजीरावाच्या पोटच्या. म्हाळूबाबा तुमचे वडीलच न्हाईत."

तुळजाबाई गर्रकन वळली. "माजा बा न्हाई?"

"कागदावर न्हाई."

"आगं, त्येचं हागनंमुतनं काडलंय म्या शेवटच्या सा म्हयन्यात!" अख्खी गाडी बघायला लागली. "दे तो कागद हिकडं."

पौडाला उतरल्यावर मात्र म्हातारीचा जोर ओसरला. कचेरीच्या ओसरीत हैबतराव बाकावर बसले होते, पांढरी टोपी, मांडीवर फाईल. आत माणसं जात-येत होती. रेश्मा कागद टाइप करून करून थकली, पण कचेरीत आजवर पाऊल टाकलं नव्हतं. तिचे कागद एकटेच यायचे.

"तुळजे, येळ केलास," हैबतराव म्हणाले. मग रेश्माला बघून, "तू कशी गं?"

रेश्मानं नुसता नवा कागद पुढं केला. हैबतरावांनी तो बघितला, रेश्माला बघितलं आणि मग बहिणीकडं नजर वळवली. जे होऊ नये म्हणून म्हातारी भीत होती, तेच झालं.

"दुसरा कागद? पहिल्यात काय कमी पडलं तुला, तुळजे?"

तुळजाबाईची मान खाली गेली. आता मात्र रेश्माला बोलावंच लागलं.

"तात्या, आत्यांनी काय न्हाई केलं. त्या नगं म्हनत व्हत्या. चूक माझी हाय. टाइप करताना त्यांची ओळ सरकली."

"म्या वाचलाय कागद. समदी नावं हायेत त्यात."

"नावं हायेत, तात्या. जागा चुकलीय."

तिनं जुन्याची झेरॉक्स आणि नवा कागद बाकावर शेजारी शेजारी मांडले. हैबतरावांनी चष्मा लावला, बोट फिरवत पुटपुटत दोन्ही वाचले. "सारकंच की दोनी."

"वाचू नका. चष्मा काढा. नुसतं बघा."

हैबतरावांना हा उद्धटपणाच वाटला असणार. पण पोरगी कागदांपासून हलेना, म्हणून त्यांनी चष्मा काढला. अक्षरं पुसली गेली. राहिले नुसते काळे पट्टे, कमीजास्त आत. मग त्यांना दिसलं.

"आयला," ते म्हणाले. "भनीला भावाच्या पोटी घातली व्हय म्या? वर सही ठोकून?"

"तुम्ही न्हाई. म्या."

तेवढ्यात आतून पुकारा झाला. सर्कलसाहेब तरुण होते, आवाज चढवणारे नव्हते, पण त्यानं रेश्माला काही फरक पडला नाही. त्यांनी दोन्ही कागद घेतले. "वंशावळीचं प्रतिज्ञापत्र सकाळीच दाखल झालंय. आता दुसरं देताय. का? वारसांत वाद आहे का?"

"न्हाई साहेब," हैबतराव म्हणाले. "बारीकशी टायपाची चूक—"

"बारीक नाही. माणसाचा बाप बदललाय यात." साहेबांनी मान वर केली. "टाइप कुणी केलं?"

खोलीत पंखा फिरत होता. रेश्माला वाटलं, आपण जर आत्ता श्वास घेतला नाही तर कदाचित दिसणार नाही.

"मी," ती म्हणाली.

"मग तसं लेखी द्या. नाव, पत्ता, सही. कशी चूक झाली तेही. ते याला जोडू. मग नवं घेता येईल."

दुसऱ्याचं लेखी तिनं हजारदा केलं होतं. स्वतःच्या नावानं चूक लिहून द्यायची, तीही सरकारात, तीही शाईनं, हे तिच्या सगळ्या भीतींच्या यादीत सगळ्यात वर होतं. आणि कायम राहणारा कागद. तो कागद तिनं मेल्यावरही फाईलीत असणार.

हातात पेन घेतला तर तो टेबलावर टकटक वाजायला लागला. हैबतरावांनी कागदाचा वरचा कोपरा दाबून धरला. दुसरा कोपरा तुळजाबाईनं दाबला. मधल्या जागेत रेश्मानं लिहिलं: मी, रेश्मा राजू, राहणार रिहे, टायपिंगचा व्यवसाय, लिहून देते की म्हाळू यांची मुलगी तुळजाबाई यांची ओळ माझ्या हातून भिवाजी यांच्या मुलांच्या रेषेत राहिली. तसेच जुईली हिची ओळ बाहेर आली. यात त्यांच्या घरातल्या कुणाचा हात नाही. मी पट्टी लावून बघितले नाही. चूक माझी एकटीची आहे.

पट्टीचं कशाला लिहिलं, ते तिचं तिलाच ठाऊक. पण लिहिलं.

साहेबांनी वाचलं, 'पट्टी' या शब्दाशी जरा थांबले, आणि शिक्का मारला. हैबतरावांनी नव्या कागदावर सही केली, साक्षीला आलेल्या पंचांनीही केल्या. मग साहेबांनी नावं पुकारली. म्हाळू यांचे वारस: हैबतराव. मयत भिवाजीतर्फे धोंडाबाई व मुलगे. तुळजाबाई. भैरू.

"हाय," तुळजाबाई म्हणाली. तिला कुणी हजर म्हणायला सांगितलं नव्हतं, पण शाळेत जशी पोरं म्हणतात तशी म्हणाली.

बाहेर आल्यावर ओसरीच्या पायरीवर रेश्मा बसली. चूक कबूल केली, साहेब ओरडले नाहीत, पोलीस आले नाहीत, तरी भ्या तसंच होतं. भीती जशी एकदम येते तशी एकदम जात नाही. आता ही गोष्ट पिरंगुटात जाणार. रेश्माचा कागद माघारी आला. पहिल्यांदा.

हैबतरावांनी समोरच्या टपरीवरून चहा आणून तिच्या हातात दिला. निम्मा बशीत सांडला.

"भ्यालीस व्हय गं लई?"

"अजून भ्यालेलीच हाय, तात्या."

"हं." ते बाजूला टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "भैरूच्या घराचा येक करार करायचा हाय. मोठा हाय, धा-बारा पानी. कवा घिऊन यिऊ?"

रेश्माला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माझ्याकडं? आज येवढं झाल्यावर?"

"मंग कुनाकडं जाऊ? ज्याला भ्या वाटत न्हाई त्याच्याकडं?"

रेश्मानं कपाकडं बघितलं. चहाचा तरंग अजून थांबला नव्हता.

"परवा या," ती म्हणाली. "उद्यापातूर हात थरथरायचा थांबत न्हाई."